रुग्णाशी नातं : विहीण

भांडगावच्या शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवायचं काम मी घेतलं होतं. शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून, मान मागं टाकून 'ठ'चा गोल फिरवत होतो, तेवढ्यात मानेच्या उजव्या बाजूनं काहीतरी गरम खाली उतरलं. खांद्यातून, दंडाच्या बाहेरच्या अंगानं, कोपर ओलांडून थेट अंगठ्यापर्यंत. उघड्या तारेला हात लागल्यावर बसतो तसा झटका. ब्रश सुटलेला मला कळला नाही. खाली फरशीवर निळा शिंतोडा उडाला तेव्हा कळलं.

हेडमास्तरीणबाईंनी पाणी दिलं. "दमलात का?" म्हणाल्या. मी "व्हय" म्हणालो आणि डाव्या हातानं सामान आवरलं. राहिलेली अक्षरं शाळेनं पुढं दुसऱ्या माणसाकडून करून घेतली.

यवतला हायवेच्या कडेला माझं बोर्ड रंगवायचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं राहायची खोली. तीस-बत्तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांची नावं, दूध संस्थांच्या भिंती, धाब्यांचे बोर्ड रंगवले. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम गेलं, भिंती तेवढ्या राहिल्या. भिंत म्हणजे शिडी, आणि शिडी म्हणजे मान वर. ते इतकी वर्षं चाललं म्हणून मानेला काही होतं असं मनातही आलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस मी बाम चोळला. मग चुकलेली नस बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं मान धरून अशी काही फिरवली, की घरी येईपर्यंत डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. नंतर इथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गळ्याला पट्टा दिला. पट्टा बांधून दुकानात बसलो की येणारा-जाणारा विचारायचा, "अ‍ॅक्सिडेंट झाला काय?" दिवसातून दहा वेळा तेच उत्तर द्यायचा कंटाळा येऊन मी पट्टा काढून ठेवला.

एक उपाय माझा मलाच सापडला. उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला की कळ निम्म्यानं कमी व्हायची. का, ते तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पुढं सांगितलं, की हात वर गेला की नसेवरचा ताण सैल होतो. मग मी दुकानात, ओट्यावर, एसटीच्या थांब्यावर, कुठंही डोक्याला हात लावून बसू लागलो. लोकांना वाटायचं, ह्याच्या घरात काहीतरी वाईट घडलं. एका ओळखीच्या बाईनं तर जवळ येऊन हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हणालो, "कोणी न्हाई." ते खरंच होतं. जाण्यासारखं घरात आता कोणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

मुलगी एकच. न्हावऱ्याला दिलेली. यवतहून चौफुल्याला जायचं, तिथून शिरूरची एसटी धरायची, केडगाव, पारगाव, भीमेवरचा पूल, की न्हावरं. लांब नाही. तरी आमचं जाणं-येणं आटलं होतं. भांडण झालं नव्हतं. झालं ते असं, की बायको होती तोवर फोनवर बोलायची ती. तासतासभर. मी शेजारी बसून ऐकायचो, आणि शेवटी ती फोन माझ्यापुढं धरायची तेव्हा "बरं हाय ना?" एवढंच विचारायचो. ती गेल्यावर तेवढंच राहिलं. मुलगी विचारायची, "आण्णा, जेवलात का?" मी म्हणायचो, "जेवलो. तू?" ती म्हणायची, "हो." मग दोघंही थोडा वेळ गप्प, आणि कोणीतरी म्हणायचं, "ठेवू का?"

हाताचं मी तिला सांगितलं नाही. फोनवर ते कुठून सुरू करायचं ते मला जमलं नाही, एवढंच त्याचं कारण.

मानेचा एमआरआय काढला आणि तो घेऊन मी शिरूरला एका दवाखान्यात गेलो. तिथं आठवड्यातून एकदा पुण्याहून एक डॉक्टर येत, फक्त असल्या दुखण्यांचे. तरुण होते, चष्मा लावलेले, बोलायला शांत. त्यांनी फिल्म उजेडापुढं धरली आणि पेनच्या टोकानं एक जागा दाखवली. "इथं दोन मणक्यांमधली चकती बाहेर आलीय. ती हाताकडं जाणाऱ्या नसेच्या मुळावर दाबतेय. दुखतो हात, पण दुखणं मानेतलं आहे."

"ऑपरेशन करावं लागंल का?"

"आत्ता तरी नाही. हातातली ताकद बऱ्यापैकी टिकून आहे. आधी एक इंजेक्शन देऊन बघू. मशीनच्या पडद्यावर बघत मानेत मागून सुई न्यायची आणि नसेच्या मुळापाशी सूज उतरवायचं औषध सोडायचं. सूज उतरली की कळ कमी होते. पण खोटं सांगत नाही, सगळ्यांना सारखा गुण येत नाही. काहींना महिनोन्‌महिने बरं वाटतं, काहींना थोडंच. धोका कमी असतो, पण असतो. मानेची जागा आहे."

मी मान हलवली, म्हणजे हलवायचा प्रयत्न केला.

"सोबत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"आज कोणी न्हाई."

"त्या दिवशी लागेल. सही करायला जवळचं माणूस पाहिजे. आणि तो दिवस एकटं राहायचं नाही."

येताना एसटी न्हावऱ्याला थांबली. मी खिडकीशी होतो. थांब्यावर चार-पाच बायका भाजीची गाठोडी घेऊन उभ्या होत्या. मी रुमाल तोंडावर धरला आणि सीटमध्ये खाली सरकलो. बस सुटेपर्यंत मी तसाच होतो. स्वतःच्या मुलीच्या गावात तोंड लपवून बसलोय, हे माझं मलाच बरं वाटलं नाही. पण उतरून तरी काय सांगणार होतो? पुलावर आल्यावर रुमाल काढला.

सोबतीसाठी मी समोरच्या चहावाल्याला विचारलं. पंचवीस वर्षांची ओळख. तो लगेच "येतो की" म्हणाला. दोन दिवसांनी म्हणाला, त्याच दिवशी मेहुण्याच्या घरी साखरपुडा निघालाय. त्याची काही चूक नव्हती. आणखी कोणाला विचारावं म्हणून मी मोबाइलमधली नावं वरून खाली वाचत गेलो. गिऱ्हाइकं होती, रंगाचे दुकानदार होते, दोन वारलेल्या माणसांचे नंबरही होते. सही मागता येईल असं नाव सापडेना. शेवटी ठरवलं, एकट्यानं जायचं आणि सांगायचं, मुलगा खाली गाडी लावतोय. मला मुलगा नाही.

आदल्या दिवशी दुपारी विहीणबाईंचा फोन आला. मुलीच्या सासूचा. त्यांचा फोन मला कधी येत नसे.

"पाव्हणं, मागल्या बुधवारी तुम्ही शिरूरच्या एस्टीत व्हता म्हणं. आमच्या शेजारणीनं बघितलं. तोंडाला रुमाल व्हता म्हणती, पर डोक्यावर हात ठिवल्याला. ती म्हणली, तुमच्या इवायाचं कायतरी बिनसलंय."

मी आधी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. मग का कोण जाणे, सगळंच सांगितलं. चकती, नस, सुई, सही.

आधी तिकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "उद्या किती वाजता हाय?"

"सकाळी अकराला."

"मी थांब्यावर उभी राहते. त्याच गाडीत चढते. आन् तुमच्या लेकीला मी काय सांगत न्हाई. ते तुम्ही सांगायचं."

खरं तर विहीणबाईंविषयी माझ्या मनात एक जुनी अढी होती. लग्न त्यांच्या दारात, न्हावऱ्याला झालं. मुलीच्या लग्नाचा स्वागताचा बोर्ड मी स्वतःच्या हातानं रंगवला होता. आठ दिवस खपलो होतो. अक्षरांना सावली, कडेनं वेल, कोपऱ्यात दोन मोर. लग्नाच्या दिवशी पाहिलं तर दारात पुढाऱ्यांच्या फोटोंचं मोठं फ्लेक्स, आणि माझा बोर्ड मागं आचाऱ्यांच्या चुलवणापाशी टेकवलेला. त्यांचे मालक तेव्हा हयात होते, सोसायटीच्या कमिटीत होते, तालुक्यातली बडी माणसं येणार होती. बायको म्हणाली, "जाऊ द्या, लेकीचं घर हाय." मी जाऊ दिलं. पण त्यानंतर त्या घरात माझा पाय मोकळेपणानं कधी पडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या थांब्यावर होत्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायात मुलाच्या चपला. माझ्या शेजारच्या सीटवर न बसता त्या पुढच्या सीटवर बसल्या, आणि शिरूर येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. व्याही आणि विहीण दोघंच कुठं चाललेत, हे पाहणाऱ्याला चमत्कारिकच वाटलं असतं. आम्हालाही वाटत होतं.

दवाखान्यात नर्सनं फॉर्म पुढं केला. "सही कोण करणार? रुग्णाशी नातं काय?"

"विहीण," त्या म्हणाल्या.

नर्सनं पेन थांबवलं. "म्हणजे बहीण ना?"

"बहीण न्हवं. विहीण. ह्यांची लेक माझ्या घरात हाय."

"रक्ताचं कोणी नाही का आलं?"

विहीणबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी आलेय की. सही कुठं करायची तेवढं दावा."

नर्स आत विचारून आली आणि म्हणाली, "चालेल. लिहा." विहीणबाई चौथी शिकलेल्या. सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहीत त्यांनी नाव पुरं केलं. मग रकान्यात मला विचारून 'विहीण' लिहिलं. त्यातली 'वि'ची वेलांटी कुठल्या बाजूला, ते त्यांनी विचारलं. मी बोटानं हवेत काढून दाखवली. डाव्या हाताच्या.

आत मला पालथं झोपवलं. तोंडाखाली मधे भोक असलेली गोल उशी. त्या भोकातून मला फक्त फरशी दिसत होती, एक पांढरी लादी आणि तिच्या कडेची चीर. वर मशीन फिरल्याचा आवाज. मग मानेवर थंड औषधाचा बोळा फिरला. एकदा, दोनदा, तीनदा, आतून बाहेर गोल. नर्सचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता, मी हलू नये म्हणून. न्हाव्याचा आणि त्या नस बसवणाऱ्या म्हाताऱ्याचा सोडला तर माझ्या मानेला माणसाचा हात लागून सहा वर्षं झाली होती. हे मला तिथं, त्या लादीकडं बघताना कळलं. दुखायला अजून सुरुवातही झाली नव्हती आणि माझे डोळे भरून आले. पाणी सरळ खाली फरशीवर पडलं. कोणाला दिसलं नसावं.

"आता मुंगी चावल्यासारखं होईल," डॉक्टर म्हणाले. ते झालं. जागा बधिर झाली. मग दाब जाणवू लागला. "अजिबात हलायचं नाही. खोकला आला तर आधी सांगा." मी श्वासही मोजून घेत होतो. "आता औषध सोडतोय. नेहमीची कळ हातात येईल. आली की सांगा."

ती आली. खांदा, दंड, कोपर, अंगठा, तोच रस्ता.

"आली," मी म्हणालो.

"छान. म्हणजे आपण बरोबर जागी आहोत."

कळ आल्यावर कोणी छान म्हटल्याची ती पहिलीच वेळ. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं. मानेवर छोटी पट्टी चिकटवली आणि मला बाहेरच्या खाटेवर आणलं. दोन तास तिथंच पडायचं होतं.

विहीणबाई स्टुलावर बसल्या होत्या. पिशवीतून त्यांनी डबा काढला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. डॉक्टर हो म्हणाल्यावर त्यांनी भाकरीचे तुकडे करून डबा माझ्या डाव्या हाताशी ठेवला.

"मोतीबिंदूचं झालं ना माझं," त्या एकाएकी म्हणाल्या, "तवा घरातली अकरा माणसं आल्ती. जीप भरून. दवाखान्यात समदी आपसात बोलत बसली. कुणी मोबाइल बघतंय, कुणी कांद्याचा बाजार काढतंय. डोळ्याला पट्टी. मला आवाज समद्यांचं यायचं, पर माझ्याशी बोलत कोणच न्हवतं. म्हणून म्हणलं, ह्या माणसाजवळ जाऊन नुसतं बसू."

मी भाकरीचा तुकडा चटणीला लावला. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "त्यो लग्नातला बोर्ड मीच काढाया लावला व्हता. मालक म्हणलं, पुढारी रुसत्याल. मी गड्याला सांगितलं, मागं न्हिऊन ठिव. तुमच्या मंडळीनं माझ्याकडं बघितलं व्हतं तवा. बोलल्या न्हाईत काय."

"लई वर्षं झाली," मी म्हणालो.

"गोठ्याच्या पत्र्याला आतनं लावलाय त्यो. अजून रंग हाय त्याला."

"ऑइल पेंट व्हता," मी म्हणालो.

परत येताना न्हावऱ्याला त्यांनी मला उतरवलंच. डॉक्टरांनी सांगितलंय, आज एकटं राहायचं नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं. मुलगी गावातल्या दूध डेअरीत कॉम्प्युटरवर बसते. संध्याकाळचं संकलन उरकून ती आली, तर मी ओसरीत खुर्चीवर, मानेला पट्टी. ती दारातच थांबली. सासूकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "मला काय माहीत न्हाई, तुझ्या आण्णांना इचार," आणि आत निघून गेल्या.

मी तिला सगळं सांगितलं. शाळेच्या भिंतीपासून. ती उभ्यानं ऐकत होती. ऐकून झाल्यावर आत गेली, पाणी तापवलं, मला हात-पाय धुवायला दिलं, वाढलं. जावई आले, त्यांनी विचारपूस केली. जेवणं झाली. मग ती माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"मी दर गुरुवारी केडगावला येते, आण्णा. डेअरीच्या बँकेच्या कामाला. यवत तिथनं कितीसं लांब हाय?"

"मग येत का न्हाईस?" हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं.

ती बराच वेळ बोटानं जमिनीवर रेघा ओढत राहिली. "आईचा सैपाकाचा ओटा बघवत न्हाई. एकदा आल्ते. तुम्ही दुकानात न्हवता. दार उघडंच व्हतं. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातल्याला. मी तशीच माघारी गेले."

मला ते माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं ते सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

सकाळी मी यवतला आलो. पहिले दोन दिवस हात हलका होता, मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी कळ परत आली, पहिल्यापेक्षा जास्त. असं होऊ शकतं, सुरुवातीचा आराम ओसरतो आणि औषधाचा खरा गुण यायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दुखत असताना सांगितलेलं आठवत नाही. वाटलं, आपण न गुण आलेल्यांतले. दुकानाचं शटर निम्मं ओढून मी आत बसलो आणि पहिल्यांदा मुलीला आपणहून फोन केला.

"लई दुखतंय," मी म्हणालो.

"डॉक्टरला फोन केला का?"

"केला. चार दिवस वाट बघा म्हणाले. ताप, अशक्तपणा काय असलं तर लगीच या म्हणाले. तसं काय न्हाई."

"मी कामावर हाय आण्णा. फोन ठिवू नका. बोलला न्हाईत तरी चालंल."

तिनं फोन बाजूला ठेवला असावा. मला दुधाच्या किटल्या सरकवल्याचा आवाज येत होता, इलेक्ट्रॉनिक काट्याचं पीं-पीं, "फॅट किती लागली?" असं कोणीतरी विचारत होतं, ती आकडे सांगत होती. मी डोक्यावर हात ठेवून ते ऐकत बसलो. तासाभरानं तिचा आवाज आला, "हायेत का, आण्णा?" मी म्हणालो, "हाय."

आठव्या-नवव्या दिवसापासून खरा फरक पडू लागला. एके दिवशी दाढी करून झाल्यावर लक्षात आलं, की आपण उजव्या हातानं केली आणि मध्ये कुठं थांबलो नाही. आज बारा आणे गुण आहे. अंगठ्याची कड अजून बधिर असते. रेघा आखायचं सूत बोटात धरलं तर ते कळत नाही. थंडीत मान धरते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा वाढलं तर आणखी एक इंजेक्शन देता येईल, पण शिडी कायमची बंद. सांगितलेले मानेचे व्यायाम रोज करतो. छातीच्या उंचीवर येतील तेवढी कामं घेतो. ट्रॉलीचं मागचं फळकुट, टाकीवरचं नाव. बाकीची परत पाठवतो. दुकानात बरेच दिवस कोणी येत नाही.

विहीणबाईंचा परत फोन आला नाही. मुलगी सांगते, त्या विचारतात. मीही तिच्याकडंच विचारतो. नात्यानं जेवढं अंतर ठेवायचं तेवढं आम्ही दोघांनी पुन्हा ठेवलं आहे. त्यात राग नाही.

मुलगी गुरुवारी येते. बँकेचं काम लवकर उरकलं तर. पाऊण तास बसते, ओटा पुसते, मसाल्याचे डबे लावते. पहिल्यांदा ओट्यापाशी रडली होती, आता ती रडत नाही. आम्ही फार बोलत नाही, पण ती समोर जेवते. मी सकाळीच दोघांचं करून ठेवतो, कारण ती येणार की नाही ते दुपारशिवाय कळत नाही. ज्या गुरुवारी काम लांबतं त्या गुरुवारी तिचा फोन येतो, "आण्णा, आज न्हाई जमत, डायरेक्ट घरी चाललेय." मी "बरं" म्हणतो, माझं जेवतो, आणि तिच्या वाटणीचं संध्याकाळी गरम करून घेतो.